कोंडलेली कातडी

कानाच्या पडद्यावरची कातडी चालते. पडद्याच्या मध्यावर, जिथे हातोडीच्या हाडाचे टोक आतून टेकलेले असते तिथे, शाईचा बारीक ठिपका दिला तर दोन-तीन महिन्यांत तो पडद्याची कड ओलांडून कानाच्या नळीच्या भिंतीवर गेलेला दिसतो. वेग दिवसाला एक दशांश मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास बोटाच्या नखाचा. हातापायांच्या कातडीला असे चालावे लागत नाही. तिथे नव्या पेशी खाली जन्मतात, वर सरकतात, मरतात आणि मेलेला थर आंघोळीत निघतो, कपड्याला घासून निघतो. पडद्याला कुणी घासत नाही, घासूही नये. म्हणून तिथल्या मेलेल्या थराला स्वतःच बाहेरची वाट धरावी लागते, आणि पुढे तो मळात मिसळून गळून पडतो. काडीने, किल्लीने, केसांच्या पिनेने कान कोरणारे आपण या व्यवस्थेत फक्त विघ्न आणतो, पण तो वेगळा विषय.

पडद्याच्या पलीकडे मधला कान. हवेने भरलेली एवढीशी पोकळी, तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे, आणि भिंतींना नाकाच्या आत असते तसे ओलसर अस्तर. कातडीचे तिथे काही काम नाही. तरीही ती तिथे शिरली आणि साठत गेली की होणाऱ्या आजाराला डॉक्टर कोलेस्टिएटोमा म्हणतात. आमच्या पिशोरकडे, किंबहुना सगळ्या कन्नड तालुक्यात, त्याला निराळे नाव नाही. ‘पोराचा कान फुटलाय’, ‘कान वाहतोय’ यातच तो खपून जातो.

रुग्णाला शेवटी कुणीतरी आजाराचे नाव सांगते, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “डॉक्टरसाहेब, कॅन्सर तर नाही ना?” उत्तरही बहुधा ठरलेले असते: कॅन्सर नाही, पण कॅन्सरसारखाच वागतो, हाड खात जातो. घाईच्या ओपीडीत हे उत्तर सोयीचे आहे खरे. माझ्या मते मात्र ते चूक आहे, आणि ही चूक रुग्णाला भिववण्यापुरती राहत नाही. संशोधनाचा पैसा कुठे जावा, शस्त्रक्रिया कोणती करावी, शाळेतल्या तपासणीत काय पाहावे, या सगळ्यावर तिची सावली पडते. या आजारातल्या पेशींवर आपण उगाच आळ घेतो. त्या बिघडलेल्या नाहीत, त्या कोंडलेल्या आहेत.

आळ जुना आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्रूव्हेइये यांनी १८२९ साली मोत्यासारख्या पांढऱ्या, चकचकीत गाठीचे वर्णन केले, आणि बर्लिनच्या योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये तिला आजचे नाव देऊन गाठींच्या यादीत बसवले. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे काय दिसते? बाहेरच्या बाजूला जिवंत कातडीचा पातळ थर, त्याच्याखाली सुजलेल्या ऊतींचा थर, आणि आत पोटात केराटिनच्या, म्हणजे मेलेल्या कातडीच्या, पापुद्र्यांवर पापुद्रे. आकाराने जी ‘वाढ’ दिसते तिच्यातला मोठा भाग मेलेला माल आहे. कॅन्सरची गाठ जिवंत पेशींनी फुगते, ही बरीचशी न काढलेल्या कचऱ्याने.

कातडी आत जाते कशी, यावर शंभर-सव्वाशे वर्षे वाद चालू आहे. हाबरमान आणि बेझोल्ड या कानाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले की पडद्याच्या कडेला भोक पडले की बाहेरची कातडी त्यातून आत सरकू शकते. काहींच्या मते मधल्या कानाचे अस्तरच चिघळून कातडीचे रूप घेते. काहींच्या मते कातडीच्या तळच्या पेशी खाली मुळे सोडतात. आज सर्वाधिक मान्यता आहे ती खळग्याच्या कल्पनेला. नाकाच्या मागून मधल्या कानात हवा नेणारी नळी नीट उघडत नसली की आतली हवा शोषली जाते, दाब उतरतो आणि पडदा आत ओढला जातो. त्याचा वरचा भाग मुळातच ढिला असतो, त्यात मधला घट्ट तंतूंचा थर जवळजवळ नाही. तो आधी खचतो. खळगा होतो, खोल जातो, त्याचे तोंड अरुंद होते. कातडी तिच्या स्वभावाप्रमाणे चालतच राहते, मेलेले थर टाकतच राहते, पण बाहेरची वाट आता चिंचोळी झालेली असते. मग माल आत साठतो. त्याला ओल लागते, जंतू लागतात.

इथवर पेशींचा दोष कुठेच नाही. जन्मतः टाळू फाटलेल्या मुलांत हा आजार इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. टाळूचे स्नायूच ती हवेची नळी उघडतात. टाळू फाटलेली असली की नळी उघडत नाही. त्या मुलांची कातडी चारचौघांसारखीच असते, हवा मात्र आत पोचत नाही. प्रयोगशाळेतली जनावरेही हेच सांगतात. जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या कानाची बाहेरची नळी बांधून टाकली की काही काळाने त्याला कोलेस्टिएटोमा होतो. चिंचिलाच्या मधल्या कानात दाहक रसायन सोडले तरी तेच. दोन्ही प्राणी धडधाकट, कुठले जनुक बदललेले नाही. बॉम्बस्फोटात पडदा फाटून कातडीचे तुकडे आत उडालेल्या माणसांनाही पुढे हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

पण पेशी आत गेल्यावर त्यांची वागणूक बदलते, हे नाकारता येणार नाही, आणि खरा वाद इथेच आहे. विभाजन होत असलेल्या पेशी ओळखण्यासाठी केआय-६७ नावाची खूण पाहतात. कोलेस्टिएटोमात ती साध्या कानाच्या कातडीपेक्षा ठळकपणे जास्त आढळते. वेगाने वाढणाऱ्या कातडीची केराटिन-१६ ही दुसरी खूणही हजर असते. वाढीचा निरोप पकडणारे ग्राहक पेशींच्या अंगावर जास्त उगवलेले असतात. हे ऐकून कॅन्सरची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण केराटिन-१६ भरत येणाऱ्या जखमेतही दिसते, सोरायसिसच्या चट्ट्यातही दिसते, आणि त्या दोहोंना कुणी कॅन्सर म्हणत नाही. शिवाय गुणसूत्रे मोजली तर बहुतेक नमुन्यांत ती शाबूत निघतात. पेशींच्या मरणाचे प्रमाणही जन्माबरोबर वाढलेले असते, आणि बिघडलेल्या पेशीला थांबवणारे पी-५३ हे प्रथिन गायब नसते, उलट जास्तच असते. या पेशी रक्तातून फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन घर करत नाहीत. म्हणजे गती वाढली आहे, पण लगाम तुटलेला नाही.

मग गती वाढवतो कोण? कातडीखालचा सुजलेला थर. साठलेल्या केराटिनमध्ये जंतू, त्यातही स्यूडोमोनास, चिकट आवरण करून बसतात, आणि या आवरणाला औषधाचे थेंब सहज भेदू शकत नाहीत. जंतूंच्या भिंतीतले पदार्थ ऊतींना सतत डिवचत राहतात. उत्तरादाखल इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा असे दाहाचे निरोप्ये सुटतात. ते ऐकून खालच्या थरातले फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखमा सांधणाऱ्या पेशी, केराटिनोसाइट वाढ-घटक नावाचे द्रव्य तयार करतात. हे द्रव्य कातडीच्या पेशी स्वतः बनवत नाहीत. ते खालून येते आणि वर पोचल्यावर पेशीच्या केंद्रात वाढीचे दार उघडते. शरीराच्या लेखी तिथे जखम आहे, कातडीने ती झाकायला धावले पाहिजे. कातडी आज्ञाधारकपणे धावते, आणखी मेलेले थर टाकते. त्या थरांवर आणखी जंतू पोसले जातात, जखम आणखी चिघळते, आज्ञा आणखी कडक होते. हे चक्र फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत जागा थोडी मोठी होत जाते.

जागा मोठी होते ती हाड झिजल्यामुळे. पूर्वी समजूत अशी की गाठीच्या दाबाने हाड विरघळते. १९८७ मध्ये हा दाब प्रयोगात प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा तो १२ मिलिमीटर पाऱ्याच्या आतच भरला. केशवाहिन्या मिटायला साधारण २५ लागतात. म्हणजे नुसता दाब हाडाचा रक्तपुरवठा तोडू शकत नाही. हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आणि त्या कोलेस्टिएटोमाच्या स्वतःच्या नव्हेत. कुणीतरी बोलावल्यावरच त्या येतात. जपानमधल्या ओसाका विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये एकेका पेशीतली जनुके वाचून दाखवले की बोलावणारे पुन्हा तेच फायब्रोब्लास्ट आहेत. त्यांतला एक गट अॅक्टिव्हिन-ए हे द्रव्य सोडतो आणि हाडखाऊ पेशींना तयार करतो. कातडी वरच्या मजल्यावर, आणि हुकूम सुटतात ते तळघरातून.

आता माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम आधार, जो मला प्रयोगशाळेत नव्हे तर शस्त्रक्रियागृहात सापडतो. या आजारावर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही, आणि तिचे ढोबळ दोन प्रकार. एकात बाहेरच्या नळीची हाडाची भिंत तशीच ठेवून मागून-पुढून आजार काढतात. दुसऱ्यात ती भिंत पाडून आजाराची जागा आणि बाहेरची नळी एकच उघडी पोकळी करतात. पहिल्या प्रकारात कातडीचा कणभर तुकडा चुकून मागे राहिला तर बंद जागेत त्याचा पुन्हा मोती होतो. दुसऱ्या प्रकारात मात्र काही वेळा शल्यविशारद जाणूनबुजून कातडी मागे ठेवतात. आजाराने तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीच्या हाडाला भोक पाडलेले असेल, तर तिथली कातडी ओढून काढताना आतला कान कायमचा बहिरा होण्याची भीती असते. मग ती तिथेच राहू देतात, फक्त उघड्यावर आणतात. व्हिएन्नाच्या गुस्ताव बाँडी यांनी १९१० च्या सुमारास मांडलेली पद्धतही याच धर्तीची. उघड्यावर आलेली, कोरडी राहणारी, साफ करता येणारी ती कातडी शांत होते आणि पोकळीचे साधे अस्तर बनून राहते. काही रुग्णांत तर आजारच हाडाची भिंत खाऊन बाहेर फुटतो, साठलेला माल नळीत मोकळा होतो आणि पुढची धूप थांबते. कॅन्सरचा तुकडा उघड्यावर ठेवल्यावर असा गप्प बसला असता का? पेशी त्याच, जनुके तीच, फरक एवढाच की दार उघडले.

१९८६ मध्ये हॅरल्ड ड्व्होरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने कॅन्सरलाच कधी न भरणारी जखम म्हटले होते, तेव्हा माझा भेद टिकतो का, असे कुणी विचारील. टिकतो. कॅन्सर जखमेची यंत्रणा स्वतःच्या कामाला जुंपतो आणि पुढे त्याला मूळ इजेची गरज उरत नाही. कोलेस्टिएटोमाला ती शेवटपर्यंत लागते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. काही मुलांत पडदा अखंड असतो, कान कधी वाहिलेला नसतो, तरी पडद्यामागे पांढरा मोती दिसतो. हा जन्मजात प्रकार. गर्भाच्या मधल्या कानात कातडीसारख्या पेशींचा एक बारीक पुंजका असतो, तो जन्माआधी विरून जायला हवा. लेस्ली मायकेल्स या संशोधकांनी १९८६ मध्ये तो दाखवला. तो विरला नाही तर मोती होतो. तिथे जखम नाही, जंतू नाहीत. हे मला मान्य करावे लागते. पण तिथेही वाढ ही बंद पिशवीत साठण्याचीच आहे, आणि तो मोती अनेकदा वर्षानुवर्षे हाडाला न खाता पडून असतो. तिसरा आक्षेप आनुवंशिकतेचा. २०२३ मधल्या एका मोठ्या स्वीडिश अभ्यासात, ज्यांच्या सख्ख्या नात्यात हा आजार आहे त्यांना तो होण्याची शक्यता सुमारे चौपट निघाली. पण एका घरातली माणसे नळीचा आकार आणि कानामागच्या हाडातल्या हवेच्या कप्प्यांची ठेवणही वारशाने घेतात, आणि एकाच घरात सर्दीही काढतात. जनुकांचा हात असेल, पण तो कातडीतच असला पाहिजे असे त्यावरून निघत नाही.

हे सगळे पिशोरच्या माणसाला कशाला सांगायचे? कारण आजाराची यंत्रणा कोंडण्याची असेल, तर तो अडवण्याच्या जागाही त्याच वाटेवर आहेत, आणि त्या गावाजवळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालाने भारताला कान वाहण्याच्या सर्वाधिक प्रादुर्भावाच्या गटात ठेवले, जिथे लोकसंख्येच्या ४ टक्क्यांहून जास्त माणसांचे कान वाहतात. या सगळ्यांना कोलेस्टिएटोमा नसतो, फार थोड्यांना असतो. पण वाहणारा कान ही इतकी नेहमीची गोष्ट झाली की तिच्यातला धोका दिसेनासा होतो. आपल्याकडे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात: भरपूर, शेंबडासारखा, वास नसलेला स्राव म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित कान, थोडा, पुवाचा, कुजका वास असलेला स्राव म्हणजे धोक्याचा. घरात नेमके उलटे होते. उशी भिजली की आई पोराला उचलून दवाखान्यात नेते. थेंबभर घाण आली तर कोमट तेल, लसणाचे तेल, झेंडूच्या पाल्याचा रस. म्हणजे आधीच कोंडलेल्या जागेत आणखी ओल.

शासनाने काही केले नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि तपासायच्या आजारांत कानाची सूजही आहे, बहिरेपणाही आहे. अडचण अशी की कोलेस्टिएटोमा ऐकण्याच्या चाचणीला चकवू शकतो. खाल्लेल्या हाडाच्या जागी काही वेळा तो स्वतःच पूल होऊन आवाज पुढे नेतो आणि मुलाला बऱ्यापैकी ऐकू येते. पोराला हाक ऐकू आली म्हणून कान बरा, असे इथे धरता येत नाही. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पाहावे लागते, तिथली पपडी काढून तिच्यामागे काय आहे ते बघावे लागते, आणि वास घ्यावा लागतो. यासाठी एक चांगला ऑटोस्कोप आणि थोडा सराव पुरतो. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नेमलेल्या विशेषज्ञांत कान-नाक-घशाचा डॉक्टर नसतो. पण कान कोरडा पुसून थेंब घालणे आणि संशयित कान ओळखणे यासाठी तो लागतही नाही. कंटाळा मात्र येतो, कारण हे काम महिनोन्‌महिने करायचे असते.

आणि मग शस्त्रक्रियेची निवड. पिशोरहून रुग्ण शेवटी जातो तो छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे घाटीत. महाविद्यालय १९५६ चे. आसपासच्या जिल्ह्यांचीही माणसे तिथे येतात. भिंत राखणारी शस्त्रक्रिया दिसायला छान, पाणी लागले तरी चालते, पण मागे काही राहिले का हे पाहण्यासाठी साधारण वर्षभराने पुन्हा कान उघडावा लागतो, किंवा विशिष्ट पद्धतीचा एमआरआय करावा लागतो, आणि तोही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लहान मोती दाखवेलच असे नाही. भिंत पाडणारी शस्त्रक्रिया सुरक्षित, पण तिने झालेल्या पोकळीतली कातडी आता चालत नाही. तिचे थर जन्मभर सहा महिन्यांनी-वर्षाने कुणीतरी काढावे लागतात. युरोपातल्या पुस्तकात या निवडीचा आधार आजाराचा पसारा असतो. इथे त्यात मका सोंगायचा हंगाम, एसटीला मोडणारा दिवस आणि बुडणारी मजुरी हेही मोजावे लागते. दुसऱ्यांदा येणार नाही अशा रुग्णाची भिंत राखणे म्हणजे मोत्याला पुन्हा बंद खोली देणे. म्हणूनच आपल्याकडचे कितीतरी शल्यविशारद भिंत पाडतात, आणि त्यांना मागासलेले म्हणणाऱ्यांनी ही जीवशास्त्राची बाजू पाहिलेली नसते.

अॅक्टिव्हिन-ए रोखल्यावर उंदरांत हाडाची झीज कमी झाली, ही बातमी मला आवडते. वाढीचे ग्राहक बंद करणारी औषधेही कधीतरी कानात घालायच्या मलमात येतील. पण एका द्रव्याचा निरोप तोडला तरी साठलेले केराटिन आणि त्यातले जंतू तिथेच राहतात, आणि निरोप्ये एक नव्हे, डझनभर आहेत. आणि जीव घेतात ते हे जंतूच: या आजारात मरण आलेच तर ते येते मेंदूच्या आवरणाला सूज येऊन किंवा मेंदूत पू होऊन. लेखक ऑस्कर वाइल्ड १९०० मध्ये पॅरिसला असाच गेला, आणि दोन संशोधकांनी २००० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे कारण कोलेस्टिएटोमा असल्याचे मांडले. त्याचा बाप विल्यम वाइल्ड डब्लिनमधला त्या काळचा नामांकित कानाचा शल्यविशारद होता.

भिंत पाडलेल्या कानाची सफाई हे तसे सोपे काम आहे: सूक्ष्मदर्शक, बारीक शोषनळी, दहा मिनिटे आणि शिकलेला हात. ते कन्नडला किंवा सिल्लोडला महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी होऊ लागले, तर घाटीत शस्त्रक्रिया ठरवताना डॉक्टरांना कानापुरता विचार करता येईल, आणि संमतीपत्रावर सही घेण्याआधी त्यांनी विचारायचा प्रश्न “परत येशील का?” ऐवजी “कन्नडला जाशील ना?” एवढाच उरेल.